एका पाइनमध्ये किती बिऱ्हाडं? स्थानिक आणि परक्या किडींच्या चढाओढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातल्या पाइनच्या बनांमधून हिंडायला लागल्यापासून घरचे, मित्रमंडळी, मंडळातले लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते.

ही चढाओढ नेमकी कशासाठी?

मरायला टेकलेल्या झाडासाठी. धडधाकट पाइन स्वतःचं रक्षण चांगलं करतो. किड्यानं भोक पाडलं की तिथून राळ वाहायला लागते आणि किडा तिच्यात अडकून मरतो. पण दुष्काळ पडला, दाटीत ऊन मिळेनासं झालं, वीज कोसळली किंवा मुळं कुजली, तर राळेचा जोर ओसरतो. असं दुबळं झाड सुकत चालल्याचा वास हवेत पसरतो आणि किड्यांची रीघ लागते. सालीखालचा गोड, रसाळ थर कुणाला हवा असतो, तर कुणाला आतलं लाकूड. झाड एकच आणि काही आठवड्यांतच ते सुकणार, म्हणून आधी कोण पोचतं याला फार महत्त्व येतं.

या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले किडे असतात, तसे जहाजातून लाकडाच्या खोक्यांत बसून आलेलेही असतात. नवा आलेला किडा किती माजेल हे झाडावर आणि हवामानावर अवलंबून असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे आधीपासून कोण राहतंय यावरही ते तितकंच अवलंबून असतं. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

पाइन म्हणजे आपला सुरूच ना?

नाही. कोकणात समुद्रकाठी दिसणाऱ्या सुरूच्या बारीक काड्या लांबून पाइनच्या सुयांसारख्या दिसतात, म्हणून हा गोंधळ होतो. सुरू हे फुलं येणारं झाड आहे आणि त्याचं कूळच वेगळं. हिमालयातला चीड मात्र खरा पाइन. उत्तराखंड किंवा हिमाचलची सहल केली असेल तर तुम्ही तो पाहिलाच असणार. महाराष्ट्रात पाइनचं नैसर्गिक जंगल नाही.

सगळे जिचं नाव घेतात ती ‘सायरेक्स’ कोण?

सायरेक्स नॉक्टिलिओ ही लाकूड पोखरणारी एक गांधीलमाशी. रंग निळसर काळा, अंग धातूसारखं चकाकणारं, मोठी मादी इंचभराहून लांब. माणसाला ती डसत नाही. तिच्या मागच्या टोकाला जी लांब सुई दिसते ती अंडी घालायची. मूळची ती युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली. तिथे ती मरणाऱ्या झाडांपुरतीच राहते आणि कुणी तिची फारशी दखल घेत नाही.

तिची कामाची पद्धत पाहिली की थक्क व्हायला होतं. मादी सुईनं सालीतून थेट लाकडात भोक पाडते. तिथे अंडं घालते, सोबत एक विषारी चिकट द्रव सोडते आणि पोटातल्या छोट्या पिशव्यांमधून आणलेली बुरशीही पेरते. या बुरशीचं नाव अमायलोस्टेरियम अरिओलॅटम. विषामुळे झाडाचा पाण्याचा व्यवहार बिघडतो आणि झाड दुबळं होतं. बुरशी लाकूड सुकवत, कुजवत पसरते. अंड्यातून निघालेल्या अळीला नुसतं लाकूड पचत नाही, तिला बुरशीनं मऊ केलेलंच लाकूड लागतं. थोडक्यात, बुरशी जगली तर अळी जगते. पुढचं सगळं समजायला हे एवढं ध्यानात असू द्या.

मग ती एवढी बदनाम कशी झाली?

दक्षिण गोलार्धामुळे. तिथे पाइन मुळात नाहीतच, ते लावलेले आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थोड्याशा पट्ट्यात वाढणारा रेडिआटा पाइन न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि चिलीत लाखो एकरांवर एकसारखा लावला गेला. त्याच्यामागून सायरेक्सही पोचली. न्यूझीलंडमध्ये ती 1900 च्या आसपास आली, टास्मानियात 1952 मध्ये सापडली, मग उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील आणि 1994 मध्ये दक्षिण आफ्रिका. 1987 ते 1989 या काळात ऑस्ट्रेलियात साउथ ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या ‘ग्रीन ट्रँगल’ भागात तिनं सुमारे 50 लाख झाडं मारली.

त्या लागवडींमध्ये एकाच जातीची, एकाच वयाची झाडं दाटीनं उभी होती. आणि सालीखाली बिऱ्हाड करणारं दुसरं जवळपास कुणीच नव्हतं. तिला सबंध चाळ रिकामी मिळाली.

अमेरिकेत ती कधी सापडली?

2004 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टन गावाजवळच्या एका सापळ्यात. ऑस्वीगो काउंटीतलं हे गाव ओंटारिओ सरोवरापासून जवळ आहे. पुढच्याच वर्षी ती कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातही आढळली. दक्षिण गोलार्धातला अनुभव ताजा असल्यानं सगळ्यांच्या पोटात गोळा आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लाकडाचा सगळा धंदा पाइनवर उभा आहे. ही कीड तिथवर गेली तर काय होईल, हा प्रश्न खरा होता.

मग झाडं मेली का?

मेली, पण भीती होती तशी नाही. इथे सायरेक्स मुख्यतः स्कॉट्स पाइन आणि रेड पाइनमध्ये सापडते, आणि त्यातही दाटीत खुरटलेल्या, आधीच अर्धमेल्या झाडांत. न्यूयॉर्कमध्ये 1930 च्या दशकात ओसाड पडलेल्या शेतांवर पाइन लावले गेले. त्यातली पुष्कळ बनं नंतर कधी विरळ केली गेली नाहीत. अशा बनात शिरलं की काठीएवढ्या जाडीची झाडं उजेडासाठी मान वर करून उभी दिसतात. सायरेक्सला अशीच लागतात. शेजारचं जोमदार झाड बहुधा शाबूत राहतं.

याची कारणं बरीच आहेत आणि एकाच कारणाला सगळं श्रेय देणारं लेखन मला पटत नाही. इथल्या झाडांची राळ आहे. सायरेक्सच्या अळ्यांवर जगणाऱ्या इथल्या परोपजीवी गांधीलमाश्या आहेत: इबालिया अंड्यापर्यंत किंवा कोवळ्या अळीपर्यंत पोचते, तर रिसा आपली लांबलचक सुई लाकडात घालून आतल्या मोठ्या अळीवर अंडं घालते. सुतारपक्षी आहेत. आणि सालीखालचे जुने रहिवासी आहेत. बाकीच्या कारणांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून पुढची उत्तरं या जुन्या रहिवाशांबद्दल.

स्थानिक भुंगेरे सायरेक्सला मारतात का?

समोरासमोर फारसं नाही. साल पोखरणारे भुंगेरे सालीखालच्या थरात राहतात, सायरेक्सची अळी लाकडात खोलवर. एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर राहणाऱ्या लोकांसारखी त्यांची गाठ क्वचितच पडते. भांडण लागतं ते त्यांच्या बुरश्यांचं.

साल पोखरणारे बरेच भुंगेरे अंगावरून स्वतःची बुरशी आणतात. तिच्यामुळे लाकडाला निळा-करडा रंग चढतो, म्हणून तिला निळी बुरशी म्हणायचं. ओंडका आडवा कापला की कडेपासून मध्याकडे जाणारे निळे पाचरीसारखे पट्टे स्पष्ट दिसतात. ही बुरशी झपाट्यानं पसरते आणि ताज्या लाकडातली साखर आधी उचलते. सायरेक्सची बुरशी संथ. दोघींना एकाच लाकडावर वाढवून पाहिलं तेव्हा निळीनं जागा आधी धरली असेल तर सायरेक्सच्या बुरशीला तिथे शिरता आलं नाही. बुरशी नाही म्हणजे अळीला अन्न नाही. अळी कुणी मारली नाही, तिचं ताट आधीच दुसऱ्यानं उचललं होतं.

सायरेक्सच्या मादीलाही हे कळत असावं. सुईनं चाचपून पाहिल्यावर निळ्या बुरशीनं धरलेल्या लाकडात ती कमी अंडी घालते असं दिसून आलं आहे.

लांब मिशांच्या सॉयर भुंगेऱ्यांची, म्हणजे मोनोकॅमसची, गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या दणकट अळ्या सालीखाली सरकताना वाटेत आलेल्या साल-भुंगेऱ्यांच्या अळ्या चक्क खाऊन टाकतात.

‘परकी विरुद्ध स्थानिक’ एवढं सरळ आहे का हे?

अजिबात नाही, आणि याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे टोमिकस पिनिपर्डा. हा युरोपातला भुंगेरा 1992 मध्ये ओहायोत क्लीव्हलँडजवळ एका ख्रिसमस-ट्री मळ्यात सापडला. पाइनचे कोवळे शेंडे आतून पोखरून तो खाली पाडतो. युरोपात त्याला ‘जंगलाचा माळी’ म्हणतात ते यामुळेच. ख्रिसमसच्या झाडांचा धंदा शेंड्यावरच चालतो, त्यामुळे खळबळ माजली आणि सरकारनं लाकडाच्या नि झाडांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले.

त्याची खरी चढाओढ होती आयप्स पिनी या स्थानिक भुंगेऱ्याशी. दोघांनाही ताजे बुंधे आणि तोडलेले ओंडके लागतात. टोमिकस लवकर उठतो. वसंतात पारा 10 ते 12 अंशांवर गेला की तो उडायला लागतो, आयप्स त्याच्या मागून काही आठवड्यांनी. म्हणून हंगामातला पहिला माल टोमिकसला मिळतो. पण त्याची वर्षाला एकच पिढी होते. आयप्सच्या उन्हाळ्यात दोन-तीन होतात, शिवाय त्याचे नर कामगंध सोडून जातभाईंना बोलावून घेतात. उशिरा पडलेलं लाकूड आयप्सच्या वाट्याला येतं. अशी वाटणी झाली आणि दोघेही टिकले. टोमिकसवरचे केंद्रीय निर्बंध अखेर 2020 मध्ये उठवण्यात आले.

आता खरी गंमत. टोमिकसबरोबर लेप्टोग्राफियम विंगफिल्डी ही युरोपातली निळी बुरशीही अमेरिकेत आली. सायरेक्सच्या बुरशीला जागा न देणाऱ्या बुरश्यांमध्ये हिचा नंबर वरचा. म्हणजे एका परक्या किडीनं आणलेल्या बुरशीनं दुसऱ्या परक्या किडीची वाट अडवली. ठरवून कुणी असं केलं नसतं.

अमेरिकेत स्वतःची सायरेक्स नव्हती का?

होती आणि आहे. पूर्वेकडच्या पाइनमध्ये सायरेक्स निग्रिकॉर्निस राहते. ती मेलेल्या किंवा मरणाऱ्या झाडातच अंडी घालते, उभ्या झाडाला मारत नाही. ती उडते शरद ऋतूत, तर परकी भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला. त्यामुळे एकाच झाडात परकीची अंडी आधी पडतात.

मला यात सर्वात जास्त काळजी बुरश्यांच्या अदलाबदलीची वाटते. स्थानिक जातीची बुरशी बहुधा वेगळी असते, अमायलोस्टेरियम चेलेटी. पण दोघींच्या अळ्या एकाच खोडात वाढल्या की मादीच्या पिशवीत दुसरीची बुरशी जाऊ शकते. परकीशी जोडलेली बुरशी स्थानिक माश्यांमध्ये सापडली आहे. अशी अदलाबदल सुरू झाली की कोण कुणाचं, हे सांगणंच अवघड होऊन बसतं.

ऑस्ट्रेलियात भुंगेरा उलट त्रासदायक ठरला असं वाचलं. ते कसं?

या पानावरचा माझा सर्वात आवडता प्रश्न. जरा सविस्तर सांगते.

ऑस्ट्रेलियात सायरेक्सला आवर घातला तो डेलाडिनस सिरिसिडिकोला या सूत्रकृमीनं. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा हा जीव दोन तऱ्हांनी जगतो. आजूबाजूला नुसती सायरेक्सची बुरशी असेल तर ती खात पिढ्यामागून पिढ्या काढतो. सायरेक्सची अळी जवळ आली की त्याची पिल्लं वेगळ्या रूपात वाढतात, अळीच्या अंगात शिरतात, आणि ती अळी मादी झाली की तिच्या अंड्यांत जाऊन बसतात. मादी उडते, नव्या झाडात सुई खुपसते, पण अंड्यांतून निघतात सूत्रकृमी. तीच त्यांना पुढच्या झाडापर्यंत पोचवते.

माणसाला एवढंच करायचं असतं: सूत्रकृमी प्रयोगशाळेत वाढवायचे आणि झाडांत भरायचे. त्यासाठी काही झाडांना तणनाशक टोचून मुद्दाम दुबळं करतात. ही सापळा-झाडं. सायरेक्स तिथे अंडी घालते, मग ती झाडं पाडून खास हातोड्यानं भोकं पाडतात आणि त्यांत सूत्रकृमींची जेली भरतात. मधे एक मोठी चूकही लक्षात आली होती. वर्षानुवर्षं फक्त बुरशीवर पोसल्यामुळे प्रयोगशाळेतल्या सूत्रकृमींची अळीत शिरण्याची ताकदच कमी झाली होती. म्हणून टास्मानियातल्या कामोना जंगलातून तो पुन्हा शोधून आणावा लागला.

आता भुंगेऱ्याकडे येऊ. आयप्स ग्रँडिकॉलिस हा मूळचा पूर्व अमेरिकेतला, तिथला जुना रहिवासी. 1943 मध्ये तो साउथ ऑस्ट्रेलियात सापडला, म्हणजे तिथे परका पाहुणा. दुबळं झाड त्यालाही हवं असतं. मुद्दाम दुबळी केलेली सापळा-झाडं म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं पान! तो सालीखाली शिरतो, सोबतची निळी बुरशी पसरवतो. ती सायरेक्सच्या बुरशीला हटवते. आणि सायरेक्सची बुरशी गेली की सूत्रकृमींचं अन्न गेलं. ते तिथे रुजतच नाहीत. सायरेक्सला अडवण्यासाठी बांधलेली सगळी साखळी तुटते.

तोच भुंगेरा, तेच काम, तीच बुरशी. अमेरिकेत त्याच्यामुळे सायरेक्सचं ताट रिकामं होतं म्हणून आपण खूश. ऑस्ट्रेलियात त्याच्यामुळे सायरेक्सचा शत्रूच उपाशी मरतो म्हणून तिथले वनाधिकारी हैराण. ‘स्थानिक म्हणजे चांगला, परका म्हणजे वाईट’ असं म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते.

मग कामोनाचा सूत्रकृमी अमेरिकेत का सोडत नाहीत?

कारण ऑस्ट्रेलियात वाचवायला स्थानिक सायरेक्स नव्हती, इथे आहे. ज्या माशीनं कुणाचं काही बिघडवलं नाही, तिच्या अंड्यांतही सूत्रकृमी शिरले तर? शिवाय इथल्या परक्या सायरेक्सबरोबर याच सूत्रकृमीचा, अंडी निकामी न करणारा एक वाण आधीच आलेला आहे, आणि दोघांचा संकर होण्याची शक्यता आहे. मला इथली सावधगिरी योग्य वाटते.

परकी कीड आणि स्थानिक कीड नेहमी एकमेकांच्या विरोधातच असतात?

नाही. जपानात पाइन सुकवणारा सूत्रकृमी बाहेरून आला आणि मोनोकॅमस अल्टरनॅटस हा तिथलाच लांब मिशांचा भुंगेरा त्याचं वाहन बनला. घरच्यानंच पाहुण्याला दारोदार पोचवलं आणि कित्येक जुनी पाइनबनं गेली.

चीनची गोष्ट आणखी वेगळी. डेंड्रोक्टोनस व्हॅलेन्स हा लाल भुंगेरा उत्तर अमेरिकेत जुन्या बुंध्यांवर आणि आगीनं होरपळलेल्या झाडांवर जगतो, म्हणून त्याला किरकोळ समजतात. 1998 मध्ये तो चीनच्या शान्शी प्रांतात सापडला आणि पुढे त्यानं तिथले एक कोटीहून जास्त पाइन मारले. घरी गप्प असणारा परगावी जाऊन असा उधळला.

खोडात कोण होतं हे मागाहून कळतं का?

हो, साल सोलली की लिहिलेलंच असतं. आयप्स ग्रँडिकॉलिसची भुयारं इंग्रजी वाय किंवा एच अक्षरासारखी फाटे फुटलेली आणि आतून झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. टोमिकसचं एकच सरळ, खोडाच्या लांबीच्या दिशेनं गेलेलं. मोनोकॅमसनं राहिलेल्या जागी भरड, दोऱ्यासारखा भुसा सापडतो. सायरेक्सचं बाहेर पडायचं भोक अगदी गोल, कंपासनं काढल्यासारखं, आणि आतलं भुयार पिठासारख्या बारीक भुशानं गच्च भरलेलं. एकाच ओंडक्यावर या सगळ्या खुणा मिळाल्या की मी तो पुन्हा पुन्हा न्याहाळत बसते.

महाराष्ट्रात पाइनच नाही, तर आम्ही हे का वाचावं?

पाइन नाही, पण पाइनचं लाकूड येतं. न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरमधली यंत्रं, फरशा, काचसामान लाकडी पॅलेटवर बसून येतं, आणि सायरेक्ससारख्या किडी जगभर पसरल्या त्या अशाच लाकडातून. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे: अशा लाकडाचा गाभा 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवायचा किंवा त्याला धुरी द्यायची, आणि मग गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. शिक्क्यातलं ‘एचटी’ म्हणजे तापवलेलं. घरी जुन्या पॅलेटचं टेबल किंवा झोपाळा करून घेत असाल तर हा शिक्का शोधून पाहा.

आणि चढाओढ म्हणाल तर ती आपल्या शेतातही चालू आहे. 2018 मध्ये कर्नाटकात दिसलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. मक्याच्या ज्या पोंग्यात ती शिरते, तिथे खोडकिडा आधीपासून होताच. मक्यावर फवारणी ठरवताना दोघांकडे एकत्र पाहावं लागतं, हे शेतकऱ्यांना मी सांगायला नको.

मी अमेरिकेत राहतो, अंगणात पाइन आहे. काय करू?

झाडं दाट असतील तर विरळ करा, पण उन्हाळ्यात किडे उडत असताना नको, थंडीत करा. तोडलेले ओंडके वसंतापर्यंत अंगणात रचून ठेवू नका, कारण टोमिकस आणि आयप्स दोघांनाही ते हवे असतात. कोरड्या उन्हाळ्यात झाडाला मुळांपाशी सावकाश, भरपूर पाणी द्या. झाडाची राळ टिकवायचा हाच सर्वात स्वस्त उपाय.

सुया लाल पडून मेलेल्या झाडावर औषध मारण्यात अर्थ नाही. किडे खोडाच्या आत असतात, तिथवर फवारा पोचत नाही, आणि सालीवर टिपायला येणारे मित्रकीटक मात्र मरतात. घरावर किंवा रस्त्यावर कोसळण्यासारखं नसेल तर असं एखादं झाड उभं राहू द्या. इबालिया आणि रिसा त्यातूनच बाहेर पडतात, सुतारपक्षीही त्यावरच येतो.

कॅम्पिंगला जाताना घरचं जळाऊ लाकूड गाडीत घालून नेऊ नका, जिथे जाल तिथेच विकत घ्या. आणि खोडावर राळेचे थेंब ओघळलेले आणि गोल भोकं दिसली, तर फोटो काढून तुमच्या राज्याच्या कृषी विभागाला किंवा काउंटीच्या विस्तार कार्यालयाला पाठवा. फोटोत भोकाशेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे त्यांना आकाराचा अंदाज येईल.